तिकिटावरचे 43 टक्के

नेहरू नगरातल्या आमच्यासारख्या मराठी घरांचे वर्ष रेल्वेच्या आरक्षणावर चालते. उन्हाळ्याची सुट्टी, गणपती, दिवाळी आणि मधेच उगवणारे एखादे लग्न, प्रत्येकाचे तिकीट महिना-दोन महिने आधी काढून ठेवायचे. मग ठरलेल्या दिवशी माता मंदिरावरून रिक्षाने राणी कमलापती किंवा भोपाळ जंक्शन गाठायचे आणि 1912 पासून धावणाऱ्या पंजाब मेलची वाट पाहायची. अशाच एका प्रतीक्षेत, हातात दुसरे काही वाचायला नव्हते म्हणून, मी तिकिटाचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यावर हिंदीत एक प्रश्न छापलेला होता. तुमच्या प्रवासभाड्याचा 43 टक्के भार देशाचे सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का, असा त्याचा अर्थ.

ही ओळ 2016 पासून तिकिटांवर आहे. वाचून आधी थोडे ओशाळल्यासारखे होते. मग शंका येते की सामान्य नागरिक तर मीच आहे. मी हे पैसे कधी भरले, कोणत्या खिडकीवर भरले, त्याची पावती कुठे आहे? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा रेल्वेच्या पैशाचा जो रस्ता दिसला, तो भोपाळ ते मुंबई या रस्त्यापेक्षा बराच वळणाचा निघाला.

आधी सरळ आकडे पाहू. रेल्वेमंत्र्यांनी मार्च 2025 मध्ये संसदेत सांगितले की एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यासाठी रेल्वेला 1 रुपया 38 पैसे खर्च येतो आणि भाड्यातून 73 पैसे मिळतात. म्हणजे 100 किलोमीटरमागे 138 रुपये गेले, 73 आले. तिकिटावरचे 43 टक्के आता 47 झाले आहेत. वर्षभराची ही तूट साधारण 60,000 कोटी रुपये भरते. हा आकडा सगळ्या वर्गांची सरासरी आहे. एसी थ्री टायर हा वर्ग अनेक वर्षे आपला खर्च भागवून वर थोडा नफाही देत आला आहे. तूट खरी साचते ती जनरल डब्यात, साध्या पॅसेंजर गाड्यांत आणि मुंबई-कोलकात्याच्या लोकलमध्ये.

भोपाळकरांच्या ओळखीची विंध्याचल एक्स्प्रेस घ्या. भोपाळ ते इटारसी हे सरळ अंतर 92 किलोमीटर. ही गाडी मात्र बीना, सागर, दमोह, कटनी, जबलपूर असा मोठा फेरा घालून इटारसीला पोचते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यासाठी कुणी तिच्यात बसत नाही. तिच्यात बसतो तो विदिशा किंवा गंज बासौद्याहून भोपाळला नोकरीसाठी येणारा, ज्याला इकडे सगळे ‘अप-डाउन करणारा’ म्हणतात आणि ज्याच्या खिशात एमएसटी असते, म्हणजे महिन्याचा पास. तिच्यात बसते ती मधल्या लहान स्टेशनावर भाजीची टोपली घेऊन चढणारी बाई, तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात निघालेला म्हातारा, परीक्षेला निघालेली मुले. यांच्यातला कुणीही दुप्पट भाडे देऊ शकणार नाही, आणि गाडी नसेल तर यातले निम्मे लोक प्रवासच करणार नाहीत.

अशा गाडीचे अर्थकारण जन्मतःच लंगडे असते, कारण तिचा खर्च प्रवाशांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. 300 माणसे बसली काय आणि 1,200 बसली काय, लोको पायलटचा पगार तोच, इंजिनाची वीज जवळपास तीच, स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, गँगमन तेवढेच लागतात. शिवाय गर्दी सकाळी एका दिशेला आणि संध्याकाळी उलट दिशेला असते. त्या दोन वेळांसाठी डबे आणि माणसे बाळगायची, बाकी वेळ ती अर्धी रिकामी फिरवायची किंवा उभी ठेवायची. लहान स्टेशनावर गाडी थांबवली की वेग गमावलेल्या शेकडो टनांना पुन्हा गती द्यावी लागते, त्याचा खर्च त्या स्टेशनवर विकल्या गेलेल्या चार-सहा स्वस्त तिकिटांतून निघत नाही.

मग उरलेले पैसे येतात कुठून? इथे तिकिटावरच्या ओळीचा अर्थ उलगडायला लागतो. त्यातला मोठा वाटा येतो मालगाडीतून. 2023-24 मध्ये रेल्वेला मालवाहतुकीतून सुमारे 1,68,000 कोटी रुपये मिळाले, प्रवाशांकडून सुमारे 70,700 कोटी. मालगाडीला आपल्या खर्चापेक्षा बरेच जास्त भाडे लावायचे आणि त्या नफ्यातून प्रवासी गाडीचा खड्डा भरायचा, अशी ही जुनी व्यवस्था आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, 2021-22 या वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा प्रवासी सेवेतली तूट 68,269 कोटी होती आणि मालवाहतुकीचा नफा 36,196 कोटी. नफ्याचा शेवटचा रुपया ओतूनही खड्डा निम्म्याच्या आसपासच भरला. ते वर्ष कोविडच्या सावलीतले होते हे खरे, पण त्याआधीच्या 2019-20 मध्येही तूट 63,364 कोटी होती.

मालगाडीत असते काय? वजनाने पाहिले तर निम्मा कोळसा. बाकी लोहखनिज, सिमेंट, धान्य, खते, पेट्रोलियम. खंडवा जिल्ह्यात मुंदीजवळ सिंगाजी हे 2,520 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. ते कोळशाच्या खाणीपासून दूर आहे, तिथला कोळसा रेल्वेच्या रेकने येतो. त्या रेकला लावलेल्या भाड्यात प्रवासी तुटीचा अंश असतो. तो विजेच्या उत्पादनखर्चात जातो आणि तिथून आमच्या नेहरू नगरच्या घराच्या वीजबिलात उतरतो. ब्रुकिंग्ज इंडियाच्या 2018 च्या एका अभ्यासाने असा अंदाज केला होता की प्रवासी तुटीपायी कोळशावर जादा आकारलेल्या भाड्यामुळे, रेल्वेने आणलेल्या कोळशापासून बनणारी वीज युनिटमागे साधारण 10 पैशांनी महागते. महिन्याला 200 युनिट जाळणाऱ्या घराचे हे 20 रुपये झाले. पावती मिळाली ती ही.

आणि इथेच मला ही व्यवस्था खटकते. वीजबिल, सिमेंटची गोणी, खताचे पोते यांच्या किमतीतून वसूल होणारा पैसा श्रीमंताकडून जास्त आणि गरिबाकडून कमी असा वसूल होत नाही. ज्या शेतमजुराने आयुष्यात लांबचा रेल्वेप्रवास केला नाही, तोही घर बांधताना सिमेंटमधून हा वाटा देतो. आयकरातून हीच रक्कम दिली असती तर तिची संसदेत चर्चा झाली असती. वीजबिलात दडलेल्या 10 पैशांवर कोण बोलणार?

दुसरा परिणाम याहून खोल आहे. भाडे चढे ठेवले की माल ट्रककडे वळतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक वाटा रेल्वेकडे होता. राष्ट्रीय रेल योजना बनवली गेली तेव्हा तो 27 टक्क्यांच्या आसपास आला होता. ही घसरण केवळ भाड्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही, महामार्ग सुधारले आणि ट्रक थेट दारापर्यंत जातो. शिवाय मालगाडीची अडचण भाड्यापुरती नाही. एकाच रुळावर दोघांना चालायचे असते. इटारसी-भोपाळ मार्गावर बुदनीचा घाट आहे, तिथे जड मालगाडीला मागून ढकलायला जोडइंजिन लागते, रेल्वेची माणसे त्याला बँकर म्हणतात. घाट चढून आलेली मालगाडी पुढे लूप लाइनवर उभी राहते, कारण मागून राजधानी येते आहे, तिच्यामागे वंदे भारत आहे. जो सर्वांचा खर्च भागवतो त्यालाच बाजूला उभे राहावे लागते. मालगाडीचा सरासरी वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास रेंगाळतो आणि माल वेळेवर पोचण्याची खात्री नसते. मग घाईचा, महागाचा माल ट्रककडे जातो, रेल्वेकडे उरतो तो कोळसा आणि खनिज. उद्या सौरऊर्जेने कोळशाची गरज कमी केली, जी व्हायलाच हवी, तर प्रवासी तुटीचा सर्वांत मोठा पोशिंदा हळूहळू नाहीसा होईल. याची तयारी आज कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. तूट मोजायची रीत निर्विवाद नाही. रूळ, सिग्नल, पूल हे दोघांचे सामाईक. त्यांच्या खर्चातला किती हिस्सा प्रवासी गाडीच्या नावे टाकायचा आणि किती मालगाडीच्या, हे हिशेबाच्या सूत्राने ठरते, आणि सूत्र बदलले की तूट बदलते. बिबेक देबरॉय समितीने 2015 मध्ये रेल्वेच्या सुधारणांविषयी अहवाल दिला, त्यात रेल्वेची हिशेबपद्धती बदलण्यावर मोठा भर होता. कोणत्या मार्गावर, कोणत्या गाडीत किती पैसे जातात हे जोवर नीट कळत नाही, तोवर सवलतीवरची चर्चा अंधारातच चालणार.

रेल्वेच्या तब्येतीचे माप म्हणून ‘परिचालन गुणोत्तर’ सांगितले जाते. 100 रुपये कमवायला किती रुपये खर्च झाले, एवढाच त्याचा अर्थ. 2023-24 मध्ये ते 98.43 होते. नव्या मार्गांसाठी, नव्या गाड्यांसाठी लागणारे भांडवल आता बहुतांशी केंद्राच्या तिजोरीतून येते, 2024-25 मध्ये ते सुमारे 2,52,000 कोटी होते. म्हणून चकचकीत नवे काही दिसत राहते. पण जुन्या मालमत्तेची झीज भरून काढायला स्वतःच्या कमाईतून बाजूला ठेवायचे पैसे, ते 100 रुपयांतून उरणाऱ्या जेमतेम दीड रुपयातून कसे निघणार? घसारा निधीत पुरेसा पैसा टाकला जात नाही, ही कॅगची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. स्वस्त तिकिटाची जी किंमत कुठल्याच बिलात येत नाही, ती इथे जमा होते. न बदललेला रूळ, पुढे ढकललेले सिग्नल, न भरलेली गँगमनची पदे.

मध्य प्रदेशातल्या बडवानीत जन्मलेले अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षेची उच्चस्तरीय समिती नेमली गेली होती. फेब्रुवारी 2012 मध्ये तिने अहवाल दिला आणि सुरक्षेवर पाच वर्षांत सुमारे 1,00,000 कोटी रुपये लागतील असे सांगितले. त्यासाठी प्रवाशांवर सुरक्षा अधिभार लावण्याचीही शिफारस होती. राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभा राहिला तो 2017-18 मध्ये. मधली पाच वर्षे गेली.

भाडे का वाढत नाही याचे उत्तर काकोडकरांचा अहवाल आला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मिळाले होते. रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी 14 मार्च 2012 च्या रेल्वे अर्थसंकल्पात किलोमीटरमागे काही पैशांची वाढ सुचवली. त्यांच्याच पक्षाने विरोध केला, त्यांना पद सोडावे लागले आणि नंतर आलेल्या मंत्र्यांनी खालच्या वर्गांची वाढ मागे घेतली. जून 2014 मध्ये 14.2 टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा मुंबईत वेगळाच भडका उडाला. लोकलचा महिन्याचा पास 15 एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. तो 30 फेऱ्यांवर न्यायचे ठरले, म्हणजे पास एका रात्रीत दुपटीच्या वर जाणार होता. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. काही दिवसांत पासची ती वाढ रद्द झाली. नंतरची मोठी भाडेवाढ जानेवारी 2020 मध्ये आली, मग 1 जुलै 2025 ला, आणि पुन्हा त्याच वर्षीच्या 26 डिसेंबरला. जुलैची वाढ साध्या द्वितीय श्रेणीसाठी 500 किलोमीटरच्या पुढे, किलोमीटरमागे अर्धा पैसा होती. अर्ध्या पैशासाठी किती धैर्य गोळा करावे लागते, ते या तारखांच्या अंतरावरून समजते.

धैर्य जमत नाही तेव्हा भाडे मागच्या दाराने वाढते, आणि ते मला जास्त अन्यायाचे वाटते. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून सुरू झाल्या आणि त्यांना मेल-एक्स्प्रेसचे भाडे लागले. किमान तिकीट 10 रुपयांचे 30 झाले. लहान स्टेशनावरच्या त्या भाजीवालीने ते काही वर्षे भरले, फेब्रुवारी 2024 मध्ये जुने भाडे परत आले. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये थांबली. ती पुन्हा सुरू झालेली नाही.

रेल्वे आणि सरकारी पैसा यांचे नाते स्वातंत्र्यानंतरचे आहे असे समजण्याचे कारण नाही. 16 एप्रिल 1853 ला मुंबई-ठाणे गाडी धावली ती ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, तिच्या भागधारकांना 1849 च्या करारानुसार भांडवलावर 5 टक्के परताव्याची सरकारी हमी होती. गाडी तोट्यात गेली तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून भरला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रेल्वे एकुणात सरकारी तिजोरीवर भारच होती. 1880 च्या दशकात गणेश व्यंकटेश जोशी या सोलापूरच्या शिक्षकाने पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात या खर्चाची चिरफाड केली. दादाभाई आणि पुढे गोखलेही तेच विचारत राहिले. आमच्या भोपाळ-इटारसी मार्गाची कथाही त्याच दशकातली. शाहजहाँ बेगमच्या राजवटीत संस्थानाने या मार्गासाठी मोठी रक्कम दिली. गंमत अशी की प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग तेव्हा तिसऱ्या वर्गातून येत होता. कोंबून भरलेल्या डब्यांतले लोक भाडे भरत होते, आणि हमीचा लाभ लंडनच्या भागधारकांना होत होता. गांधीजींनी 1917 मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले ते याच प्रवाशांविषयी.

हे चित्र फिरले ते हळूहळू. 1977 मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि द्वितीय श्रेणीच्या लाकडी बर्थवर दोन इंचांची गादी आली. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कुणाचा तरी निर्णय होता हेही विसरायला होते. माझ्या मते सार्वजनिक पैसा प्रवाशांवर खर्च करण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

तेव्हा सवलत नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. भाडी सरसकट वाढवली की उत्पन्न वाढतेच असेही नाही. मुंबईच्या एसी लोकलला प्रवासी मिळेनात, तेव्हा मे 2022 मध्ये एकेरी भाडे निम्म्यावर आणले, सर्वांत जवळच्या टप्प्याचे 65 वरून 30 रुपये. गाड्या भरू लागल्या. उलट त्याच शहरातली मोनोरेल 2014 पासून खर्चाच्या मानाने नगण्य प्रवासी वाहत राहिली आणि सप्टेंबर 2025 मध्ये सुधारणांसाठी थांबवावी लागली. दोन्हींत सार्वजनिक पैसा गेला. एका ठिकाणी तो माणसांपर्यंत पोचला.

आता हा प्रश्न आमच्या दारात आला आहे. डिसेंबर 2025 मध्ये भोपाळ मेट्रोचा सुभाष नगर ते एम्स हा सुमारे 7 किलोमीटरचा, आठ स्थानकांचा पहिला टप्पा सुरू झाला. दुसरी, निळी मार्गिका भदभदा चौकातून, म्हणजे नेहरू नगरच्या कुशीतून निघून रत्नागिरी तिराह्यापर्यंत जाणार आहे. हे नाव ऐकून कोकणातल्या पाहुण्यांना दरवेळी समजावून सांगावे लागते. दोन्ही मार्गिका मिळून 27.87 किलोमीटर आणि 2018 च्या मंजुरीतला खर्च 6,941 कोटी, म्हणजे किलोमीटरला सुमारे 249 कोटी. त्यात युरोपीय गुंतवणूक बँकेचे 40 कोटी युरोंचे कर्ज आहे. तिकीट 20 ते 40 रुपयांच्या घरात. मेट्रो जुन्या शहरात शिरत नाही, भदभद्याला येत नाही, तोवर ती कर्जाचे व्याज तर सोडाच, रोजचा खर्चही तिकिटातून काढेल असे वाटत नाही. केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणानुसार चालू तोटा राज्याने सोसायचा आहे.

पण याच धोरणात एक शहाणपणाची अट आहे. मेट्रो प्रकल्पाला मंजुरी देताना निव्वळ तिकिटाचा परतावा पाहू नका, समाजाला मिळणारा एकूण परतावा पाहा आणि तो किमान 14 टक्के असू द्या. रस्त्यावरची कमी झालेली कोंडी, वाचलेला वेळ, वाचलेले इंधन, टळलेले अपघात, हे सगळे रुपयांत मोजून लाभाच्या बाजूला मांडले जाते. म्हणजे 40 रुपये देऊन एम्सला जाणाऱ्या माणसाचा वाचलेला अर्धा तास सरकार मोजते. त्याहून कमी भाडे देऊन विदिशेहून येणाऱ्या माणसाने भोपाळात टिकवलेली नोकरी मात्र कुणी मोजत नाही; तो फक्त तुटीच्या रकान्यात दिसतो. मेट्रोला लावलेले माप पॅसेंजर गाडीला लावले, तर आज तोट्याच्या वाटणाऱ्या कितीतरी गाड्या लाभाच्या ठरतील. आणि काही गाड्या त्या मापालाही उतरणार नाहीत, त्यांच्याऐवजी बस परवडेल, हेही तेव्हाच कळेल.

ब्रिटनने हा धडा महागात घेतला. 1963 मध्ये बीचिंग अहवालाने तोट्यातले हजारो मैल मार्ग आणि 2,000 हून अधिक स्टेशने बंद करायला सांगितले. बरीच बंद झाली. अपेक्षेइतकी बचत झाली नाही, गावे मात्र तुटली. 1968 च्या वाहतूक कायद्याने मग वेगळी वाट धरली. समाजाला लागणाऱ्या पण पैशात न बसणाऱ्या मार्गांसाठी सरकारने मार्गवार अनुदान द्यायचे. युरोपीय संघात 2007 पासून यासाठी नियमच आहेत. कोणती सेवा हवी, दिवसाला किती गाड्या, त्यासाठी किती पैसे, हे सरकार रेल्वेशी करार करून लिहून देते. रेल्वेने ती सेवा नीट दिली नाही तर पैसे कापले जातात.

आपल्याकडे असा करार झाला तर अर्थसंकल्पाच्या एखाद्या पुस्तिकेत एक ओळ अशी दिसेल: भोपाळ ते बीना, सर्व स्टेशनांवर थांबणाऱ्या रोजच्या इतक्या फेऱ्या, सकाळी साडेनऊच्या आत भोपाळला पोचणारी गाडी किमान एक, अपेक्षित प्रवासी इतके, तिकिटातून येणारे इतके, केंद्राने द्यायचे इतके, राज्याने द्यायचे इतके. विदिशेचा आमदार त्या ओळीवर प्रश्न विचारू शकेल. सिंगाजीच्या कोळशावरचा भार उतरवता येईल. आणि तिकिटावरच्या 43 टक्क्यांच्या शेजारी त्या ओळीचा क्रमांक छापता येईल.